नव्या पेठेतील कर सल्लागार: काम चोख, आडोसा मात्र नाही

गृहकर्जासाठी बँकेने आयकराचे विवरणपत्र मागितल्यामुळे जुलै महिन्यात मी जळगावच्या नव्या पेठेतील एका लहानशा कर सल्लागार कार्यालयात गेले होते. एमआयडीसीतील पाइप कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करणारा सहकारीही सोबत होता. हा अभिप्राय त्या कार्यालयाच्या सेवेबद्दल असला, तरी तिथे जे कळले ते बाजूला ठेवून तो लिहिता येणार नाही.

प्रथम गैरसोय सांगते. पहिल्या मजल्यावरील एकाच खोलीत चार टेबले आणि भिंतीलगत बाक अशी व्यवस्था असून, ३१ जुलैची मुदत जवळ आली की बाकावर जागा मिळत नाही आणि प्रत्येकाचे आकडे सर्वांना ऐकू येतात. माझ्या फॉर्म १६ मधील, म्हणजे कारखान्याने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या आणि करकपातीच्या दाखल्यातील, आकडे भरून झाल्यावर सल्लागारांच्या मदतनीस मुलीने सहकाऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा आकडा मोठ्याने वाचला: ४ लाख १४ हजार. माझा होता ३ लाख ४२ हजार. आम्ही दोघेही एकाच नोंदवहीत सह्या करतो, एकाच व्हर्नियरने पाइपची जाडी मोजतो आणि एकाच ओव्हनमध्ये १५० अंशांवर नमुने ठेवून त्यांची लांबी किती आक्रसली ते पाहतो. त्या प्रयोगशाळेत माझी सात वर्षे झाली आहेत, त्याची तीन. तोही ओशाळला, कारण मला त्याच्याएवढेच मिळत असेल अशी त्याची समजूत होती.

कार्यालयाला मी चार तारे देते ते यानंतरच्या अर्ध्या तासासाठी. सल्लागारांनी विषय बदलला नाही. फॉर्म १६ मध्ये मूळ वेतन वेगळे दिसत नाही, म्हणून त्यांनी, सहकाऱ्याच्या संमतीने, दोघांच्याही मोबाइलमधील पगारपत्रके शेजारी ठेवून महिन्याच्या ६,००० रुपयांच्या फरकाची फोड केली. त्यातले १,५०० रुपये रात्रपाळीच्या भत्त्याचे, ३,००० मूळ वेतनातले आणि १,५०० ‘विशेष भत्ता’ नावाचे निघाले. “ताई, रात्रपाळीचे सोडा, त्या तुम्ही करत नाही, उरलेल्या साडेचार हजारांचं कारण विचारा,” असे ते म्हणाले. कारखाना दोघांचाही भविष्य निर्वाह निधी १५,००० रुपयांवरच, म्हणजे १,८०० रुपये कापत असल्यामुळे तिथे फरक दिसत नव्हता. ग्रॅच्युइटी मात्र शेवटच्या मूळ वेतनावर, महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने मिळते. म्हणजे मूळ वेतनातील ३,००० रुपयांचा फरक नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे १,७३० रुपये नेतो, हे त्यांनी कॅल्क्युलेटरवर करून दाखवले.

कायद्याचे त्यांनी मोजकेच सांगितले आणि पुढचे कामगार कार्यालयात विचारण्यास सुचवले, हे मला आवडले. सर्वज्ञ सल्लागारांचा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यातील तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आली असून, समान किंवा त्याच स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुष म्हणून वेतनात भेद करता येत नाही. मात्र कौशल्य, अनुभव आणि जबाबदारी यांत खरा फरक असेल, तर मालकाला तो पुढे करता येतो. त्यामुळे तक्रारीआधी लेखी विचारणा करावी आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी, असा त्यांचा सल्ला होता. मी तसे पत्र दिले. सहकारी आधीच्या ठिकाणी अधिक पगारावर होता, असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी उत्तराची मी वाट पाहते आहे.

विवरणपत्राचे शुल्क ५०० रुपये घेतले गेले, पगारपत्रकांच्या हिशेबाचे काहीच नाही. पोचपावती त्याच संध्याकाळी मोबाइलवर आली. एक तारा कापला तो आडोशासाठी. खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा लावला तरी पुरे. जाणाऱ्यांनी जूनच्या अखेरीस, सकाळी अकराच्या आत जावे आणि बारा महिन्यांची पगारपत्रके सोबत ठेवावीत.