झोपायच्या खोलीसाठी कोणतं तेल: लॅव्हेंडर की इलँग-इलँग?

रात्री खोलीत मंद वास असावा म्हणून फुलांचं इसेन्शियल ऑइल घ्यायला निघालात, तर बहुधा याच दोन बाटल्यांपाशी अडाल. आमच्या घरी दोन्ही वापरून झाली आहेत.

नुसत्या सुगंधावर निवडायचं तर इलँग-इलँग सरस, हे आधीच मान्य करतो. हे झाड सीताफळाच्या कुळातलं. आपला हिरवा चाफाही त्याच कुळातला, त्यामुळे तो गोड, जडसर वास आपल्याला परका वाटत नाही. तेलासाठीची ही फुलं मुख्यतः कोमोरोस आणि मादागास्करकडून येतात. तेल काढताना सर्वांत आधी उतरतं ते ‘एक्स्ट्रा’, मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रतीचं. अत्तराची आवड असणाऱ्याने ‘एक्स्ट्रा’ एकदा तरी हुंगावं. त्यापुढे लॅव्हेंडर काहीसं औषधी वाटतं, काहींना तर थेट साबणाची आठवण होते.

तरीही माझा कौल फिरला तो एका गोष्टीने: इलँग-इलँगचा वास जाता जात नाही. उशीच्या अभ्र्याला थेंब लागला की अभ्रा धुऊन उन्हात वाळवला तरी वास राहतो, आणि कपाटात शेजारच्या घड्यांनाही लागतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असताना डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारं उपकरण) लावला की माझं डोकं जड व्हायचं, बायकोला मळमळायचं. सगळ्यांना असा त्रास होईल असं नाही, पण या तेलाने डोकं दुखल्याची तक्रार बरेच जण करतात. त्यात जड, सावकाश उडणारे घटक बरेच असतात. लॅव्हेंडरमधले लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट त्यामानाने लवकर उडतात. झोप लागेपर्यंत वास पुरतो आणि सकाळी खोली मोकळी असते. मला तेच हवं होतं.

त्वचेच्या बाबतीतही लॅव्हेंडर जरा सोपं. चहाच्या एका चमच्याएवढ्या, म्हणजे 5 मिली खोबरेल तेलात दोन थेंब घातले की साधारण 2 टक्के प्रमाण होतं. अंगाला लावायला तेवढं पुरे. इलँग-इलँगची ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त, म्हणून ते 1 टक्क्याच्या आतच ठेवावं: दोन चमचे तेलाला एक थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. खाज किंवा लाली आली तर विषय संपला. दोन्ही तेलं नुसती लावू नयेत आणि पोटात घेऊ नयेत. अंघोळीच्या पाण्यातही थेट टाकू नयेत, कारण ती पाण्यात विरघळत नाहीत, तशीच अंगाला चिकटतात. लहान मूल, दमा किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

लॅव्हेंडरमध्ये खोट नाही असं नाही. हवा लागत राहिली की त्यातल्या लिनालूलचं ऑक्सिडेशन होतं आणि तेच तेल त्वचेला बाधू लागतं. म्हणून बाटली लहान, गडद काचेची घ्या, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. लॅव्हेंडर म्हणून स्वस्त लॅव्हँडिनही, म्हणजे लॅव्हेंडरच्या संकरित जातीचं तेल, विकलं जातं. त्याला कापराची झाक असते आणि झोपेच्या वेळी ती नकोशी वाटते. लेबलवर ‘लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया’ हे नाव बघून घ्या. जम्मूतल्या भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावल्यापासून देशी तेलही मिळू लागलंय.

खोली मोठी, हवेशीर असेल आणि जड फुलांचा वास तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर इलँग-इलँग जरूर घ्या. डिफ्यूझरमध्ये एकच थेंब टाका आणि अर्ध्या तासात बंद करा. इतरांना मी लॅव्हेंडरच सुचवेन. घरात मांजर असेल तर मात्र दोन्ही नकोत, ही तेलं मांजराच्या यकृताला पचत नाहीत.