एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट?

टीव्ही किंवा मॉनिटर जोडायला या दोनपैकी कोणती केबल घ्यावी? टीव्हीपुरता हा प्रश्नच उद्भवत नाही. घरगुती टीव्हीला डिस्प्लेपोर्ट जवळपास कुणी देतच नाही. साउंडबार असेल तर एचडीएमआय केबल ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच घाला. टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून परत साउंडबारला जातो. डिस्प्लेपोर्टला ही सोय नाही.

खरी चुरस मॉनिटरपाशी. नोकरी ऐरोलीला, पण आठवड्यातले निम्मे दिवस घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप आणि दोन मॉनिटर मांडून बसणाऱ्यांनी खुशाल डिस्प्लेपोर्ट घ्यावा. मॉनिटरला ‘डीपी आउट’ (डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट) असेल तर एकातून दुसऱ्याला साखळी जोडता येते, लॅपटॉपपासून एकच वायर. मॅकवाल्यांनी ही आशा सोडावी, तिथे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं. डीपीच्या टोकाला बहुतेक वेळा बारीक खटका असतो. तो दाबूनच केबल काढा, हिसका दिलात तर पोर्टच हलेल.

वेगाचं म्हणाल तर एचडीएमआयची 2.0 आवृत्ती सेकंदाला 18 गिगाबिट, डीपीची 1.4 आवृत्ती 32.4 गिगाबिट आणि एचडीएमआय 2.1 आवृत्ती 48 गिगाबिट. 4के (सुमारे चार हजार पिक्सेल रुंद चित्र), 60 हर्ट्झला (सेकंदाला 60 चित्रं) एचडीएमआय 2.0 सुद्धा पुरतो. 4के, 120 हर्ट्झवर गेम खेळायचे असतील तरच एचडीएमआय 2.1 बघा.

स्टेशनबाहेरच्या दुकानात ‘गोल्ड प्लेटेड, 8के’ म्हणून काहीही गळ्यात मारतात. सोनेरी टोकाने चित्र उजळत नाही. 2.1 साठी खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं क्यूआर कोडवालं लेबल शोधा. आणि डीपी-टू-एचडीएमआय केबल साधारणपणे एकाच दिशेने चालते: डीपी कॉम्प्युटरला, एचडीएमआय पडद्याला.