चकमकीचं पिस्तूल की टोपीचं रिव्हॉल्वर?

ग्रेट ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यांनी पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरं जवळपास सगळी बंद केली, ठासणीची, म्हणजे सुटी दारू आणि गोळी पुढून ठासून भरायची, मात्र वाचली. त्यामुळे तिथे राहणारा, परवाना काढून क्लबात निशाणेबाजी करू पाहणारा मराठी माणूस शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतो: गारेच्या ठिणगीने पेटणारं चकमकीचं पिस्तूल घ्यावं, की ठोक्याने फुटणाऱ्या टोपीचं रिव्हॉल्वर?

इतिहासाने कौल रिव्हॉल्वरला दिला. पण कशामुळे, ते पाहायला हवं. एलिशा कॉलियरने १८१८ मध्ये चकमकीवरच चालणाऱ्या रिव्हॉल्वरचं ब्रिटिश पेटंट घेतलं होतं. दर बाराला नवी रंजक (बाहेरच्या दानीतली, ठिणगीने पेटणारी चिमूटभर दारू) लागते, म्हणून त्याने रंजकेची डबी दानीच्या झाकणातच बसवली. रचना नाजूक आणि महागडी झाली, फार पसरली नाही. अलेक्झांडर फोर्सिथने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं होतं. त्यातून पुढे तो मसाला भरलेली तांब्याची छोटी टोपी आली, आणि मग १८३६ मध्ये कोल्टच्या रिव्हॉल्वरचं अमेरिकन पेटंट. रिव्हॉल्वर उभं आहे ते टोपीवर. माझा निर्णय चकमकीकडे फिरला तोही टोपीमुळेच.

१८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्वरचा सांगाडा वरून उघडा असतो. बार उडाला की टोपीच्या चिंध्या होतात आणि घोडा पुन्हा ओढताना एखादा तुकडा घोडा आणि सांगाडा यांच्या फटीत पडतो. पुढच्या वेळी घोडा पुरता खाली येत नाही, बार उडत नाही. तुकडा आणखी खाली उतरला तर सिलिंडरच फिरत नाही. मग पाचर ठोकून काढा, नळी उतरवा, सिलिंडर काढा, तेही सिलिंडरची बाकीची घरं भरलेली असताना. निपलचं (टोपी बसते त्या बोंडाचं) भोक झिजून मोठं झालं किंवा घोड्याची स्प्रिंग सैल पडली की हे वाढतं. निपल बदलून, घट्ट बसणाऱ्या टोप्या वापरून कमी होतं. माझ्या हाती तरी पूर्ण थांबलं नाही. जुने लोक नळी आकाशाकडे करून घोडा ओढत, म्हणजे तुकडा मागे गळून पडे. आजच्या बहुतेक रेंजवर ते चालणार नाही. रेमिंग्टनचा सांगाडा वरून बंद असल्याने हा त्रास कमी, पण तिथे आसावर काजळी धरते आणि सिलिंडर लवकर जड होतं.

चकमकीचे दोष जास्त आहेत, हे मान्य. मात्र सगळे डोळ्यांसमोर असतात. ठिणगी बारीक पडली तर गारेची धार गेली, किंवा ती दानीच्या पोलादी झाकणाला समांतर बसलेली नाही. रंजक पेटली पण बार उडाला नाही, तर नळीचा कान (दानीतून आत जाणारं भोक) काजळीने बुजला. तारेने मोकळा करायचा. बार रेंगाळला तर बहुधा रंजक जास्त झाली आणि कान तिच्याखाली गाडला गेला, त्यामुळे ती वातीसारखी जळत आत गेली. रंजकदानी तिसरा हिस्सा भरली तरी पुरते. दमट हवेत काजळी पाणी ओढते, म्हणून दर बारानंतर दानी, गार आणि झाकण कोरड्या फडक्याने पुसावं लागतं. एक चांगली गार माझ्याकडे २५ एक बार टिकते. चाप ओढल्यावरही नेम क्षणभर धरून ठेवावा लागतो, आणि ही सवय लागायला वेळ जातो.

रिव्हॉल्वर जिंकलं ते जवळच्या झटापटीत लागोपाठ पाच-सहा बार टाकता येतात म्हणून. आंतरराष्ट्रीय ठासणी स्पर्धांत २५ मीटरवर ३० मिनिटांत १३ बार असतात, त्यांतले उत्तम १० धरतात. तिथे घाई कुणालाच नसते. उलट रिव्हॉल्वरच्या प्रत्येक घरात दारू, वर भरीला रवा, गोळी आणि शेजारची घरं पेटू नयेत म्हणून ग्रीस असं भरावं लागतं, आणि घरी आल्यावर सहा घरं, सहा निपल धुवावे लागतात.

अचूकतेत रिव्हॉल्वर सहसा पुढे. त्याच्या नळीला आतून गोळीला फिरकी देणारे आटे असतात, तर चकमकी पिस्तुलाच्या स्पर्धेत नळी गुळगुळीतच लागते. गुणांचीच ओढ असेल तर रिव्हॉल्वर घ्यायला हरकत नाही. नाहीतर चकमकीचं पाहा. घेताना रिकाम्या पिस्तुलाचा घोडा अंधाऱ्या खोलीत पाच-सहा वेळा पाडून बघा. ठिणग्या पांढऱ्या आणि थेट दानीत पडायला हव्यात. लालसर, विखुरलेल्या पडल्या आणि गार बदलूनही सुधारल्या नाहीत, तर झाकणाचं पोलाद मऊ असण्याची शक्यता आहे. ते पिस्तूल सोडून द्या.