कळसूबाई ते हरिश्चंद्रगडाचा उठावाचा नकाशा: घाटमाथा समजायला उत्तम, वाट शोधायला नाही

सह्याद्रीच्या या भागातले समोच्चरेषांचे (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचे) नकाशे नवख्याला जड जातात. कड्यांपाशी रेषा एकमेकींना चिकटतात आणि सोंड कुठली, घळ कुठली हेच कळेनासं होतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला हा ३० × ४० सेंमीचा नकाशा नेमकी तीच अडचण सोडवतो. प्रमाण १:७५,०००, म्हणजे १ सेंमीला ७५० मीटर. उंची दीडपट वाढवलीय, ते बरोबरच केलंय. नाहीतर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखालची हजारेक मीटरची खोली जेमतेम १३ मिमी भरली असती. मात्र ३० अंशांचा चढ इथे ४१ अंशांचा दिसतो, तेव्हा चढाई किती खडी हे यावरून ठरवू नका.

नकाशा पांढरा, एकरंगी आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तो सपाट वाटतो. टेबललॅम्प वायव्य कोपऱ्याकडे, अगदी खाली धरा. सोंडा, खिंडी, ओढे लगेच उठून दिसतात. प्रकाश दक्षिणेकडून आला तर डोळा फसतो आणि दऱ्याच डोंगरधारा वाटायला लागतात.

दोऱ्याचा प्रयोग जरूर करा. हरिश्चंद्रगडाच्या तारामती शिखरावरून (१४२९ मी.) कळसूबाईपर्यंत (१६४६ मी.) दोरा ताणा. मधली एखादी धार त्याला टेकली, तर तिच्यामुळे समोरचं शिखर झाकलं जातं. वाढवलेल्या उंचीने इथे फरक पडत नाही, कारण सगळंच एका पटीत वाढलंय. ओढ्यावर बोट फिरवलं की पाणलोटही समजतो: पश्चिमेला एकदम कोकणात तुटलेला कडा, पूर्वेला मुळा-प्रवरेकडे सावकाश उतरणारी जमीन.

छपाईचे थर स्पष्ट दिसतात, आणि मला ते सोयीचे वाटतात. एक थर ०.२ मिमीचा, म्हणजे दीडपट वाढ धरून प्रत्यक्षात बरोबर १० मीटर. दोन थर मोजले की सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशातल्या दोन समोच्चरेषांमधलं २० मीटरचं अंतर झालं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून एकच सोंड वाचा, समोच्चरेषा कायमच्या डोक्यात बसतात.

मर्यादा मूळ माहितीच्या आहेत. ती ३० मीटरच्या जाळीची, आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. त्यामुळे सांदण दरीची अरुंद चीर जवळजवळ बुजलीय, रतनगडाचं नेढं (खडकातलं आरपार भोक) नाहीच, कोकणकड्याची आत वळलेली बाकही गायब. हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट नुसती खाच म्हणून दिसते; त्यातले दगडी टप्पे कळणार नाहीत. ट्रेकला हा नकाशा प्रमाण मानणं धोक्याचं आहे.

नावांचे स्टिकर मात्र खरंच खटकले. तोलार खिंडीवर तिच्याच नावाची पट्टी बसल्याने खिंडच झाकली गेलीय. ती सोलून काढा आणि नाव कडेला लिहा. प्लॅस्टिक पीएलए आहे, साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं. उन्हातल्या गाडीत ठेवलं की कोपरे वाकतात. प्लायवर चिकटवून घेतलेलं बरं.