महागडी पॉवर केबल : सात महिन्यांनंतर

अ‍ॅम्पला, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, वीज देणारी केबल भारी असली की आवाज सुधारतो म्हणतात, म्हणून मी एक मागवली. ती आली त्या संध्याकाळी मी घरातल्यांना एकेक करून स्पीकरसमोर बसवलं होतं, हे आठवलं की आता लाज वाटते. पण फरक पडला होता, त्यात शंका नव्हती. अ‍ॅम्प सुरू केल्यावर गाणं लागायच्या आधी एक बारीक हमिंग यायचं, ते साफ गेलं होतं. तानपुरा मोकळा वाटत होता. डग्ग्याचा घुमाराही कसा अंगात आल्यासारखा! एका बऱ्या हेडफोनचे पैसे तारेत घातल्याची टोचणी तिथल्या तिथे मिटली.

वस्तू दिसायला झकास आहे. अंगठ्याएवढी जाड, वरून काळी विणलेली जाळी, दोन्ही टोकांना धातूचे जड प्लग. लांबी एकच मीटर. अ‍ॅम्पसोबत आलेली साधी केबल जवळपास दोन मीटर होती. जाडीमुळे नवी केबल वळता वळत नाही आणि प्लगच्या वजनाने अ‍ॅम्पच्या मागच्या सॉकेटातून खाली झुकते. दुसऱ्या महिन्यात ऐन आलापात अ‍ॅम्प बंद पडला. मागे हात घातला तर प्लग अर्धा बाहेर. तेव्हापासून खाली लाकडी ठोकळा ठेवला आहे. साध्या केबलने असला त्रास कधीच दिला नव्हता.

धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, भिंतीतली वायर कधी बदलतोयस?" मी दुर्लक्ष केलं. पुढे त्याने कागदावर हिशोबच मांडला. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०२३ ओहम. दोन मीटरची केबल, जायची-यायची तार धरून चार मीटर, म्हणजे ०.०९ ओहमच्या आसपास. एक अ‍ॅम्पियर करंट ओढला तरी व्होल्टेज एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढंही पडत नाही. घरातलं व्होल्टेज दिवसभरात याच्या कितीतरी पट वरखाली होत असतं. शिवाय आतला ट्रान्सफॉर्मर ते बदलतो, रेक्टिफायर त्याचं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करतो, मोठे कपॅसिटर ते साठवून सपाट करतात आणि स्पीकरला जातं ते या साठ्यातून. मी म्हटलं, हिशोब राहू दे, कान काय म्हणतात ते बघू.

पाचव्या महिन्यात बसलो. मी भिंतीकडे तोंड करून, भाऊ रॅकच्या मागे. व्हॉल्यूमच्या बटणाला चिकटपट्टी लावलेली, तेच तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग, दोन्ही केबल आळीपाळीने त्याच एक्स्टेन्शन बोर्डात. कुठली लावायची हे तो नाणं उडवून ठरवणार. दहा फेऱ्या. माझी उत्तरं बरोबर आली सहा. ऐकायला बरं वाटतं, पण नुसत्या अंदाजाने सहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास असते; नऊ आली असती तर मी कॉलर ताठ केली असती. चौथ्या फेरीत तर मी छातीठोकपणे म्हणालो, "ही नवी, डग्गा ऐक ना!" ती जुनी होती. भाऊ हसलाही नाही, ते जास्त लागलं.

केबल बदलताना अ‍ॅम्प बंद करावा लागतो, मध्ये मिनिटभर जातं आणि कानाची आठवण तेवढी टिकत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग पहिल्या संध्याकाळी आदल्या दिवशीच्या आवाजाशी तुलना करून मी जे छाती फुगवून सांगत होतो, त्याचं काय?

खरी गंमत वेगळीच निघाली. त्या दहा फेऱ्यांत जुनी केबल असतानाही हमिंग आलं नाही. एकदाही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. जुनी केबल लांब, म्हणून अ‍ॅम्प पलीकडच्या भिंतीतल्या सॉकेटवर होता. नवी तिथवर पोचेना, म्हणून तो कॉम्प्युटरच्याच बोर्डावर आला होता. जुनी केबल पुन्हा पलीकडे लावली, हमिंग हजर. नवी केबल जोड देऊन तिकडे नेली, तरी हजर! हा ग्राउंड लूप. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो. कॉम्प्युटर, यूएसबी, डॅक (कॉम्प्युटरचा डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारा डबा) आणि आरसीए केबलचं, म्हणजे आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या तारेचं, कवच या वाटेने त्या फरकामुळे वाहणारा करंट अ‍ॅम्पपर्यंत फिरतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. दोन्ही एकाच बोर्डावर आले की फरक जवळजवळ उरत नाही. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगची पिन काढणारे लोक पाहिले आहेत. कृपा करून करू नका, बिघाड झाला तर अ‍ॅम्पचा पत्राच शॉक देईल.

शे-दोनशे तास वाजली की केबल खुलते म्हणतात. सात महिन्यांत माझी खुलली नाही. जुनी केबल तुटलेली, सैल किंवा तापणारी असेल तर जरूर बदला. सिग्नलच्या तारांना चिकटून पॉवर केबल न्यावी लागत असेल तर कवच असलेली थोडी कामाची. पण आधी दोन्ही एकमेकींपासून दूर नेऊन, काटकोनात ओलांडून बघा, ते फुकट आहे.

सध्या अ‍ॅम्पला साधीच केबल आहे, जास्तीची लांबी रॅकमागे गुंडाळून. जाड केबल भावाने मागितली. मी दिली नाही.