तेनुगुई: घेण्याआधी उलटून बघा, नक्षी वाचून घ्या

साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर पन्हा, ९० सेंटिमीटर लांबी, दोन्ही टोकं नुसती कापलेली. जपानी तेनुगुई हातात घेतली की मराठी माणसाला पंचाच आठवतो, आणि कामंही बरीचशी तीच: हात पुसणं, डोक्याला बांधणं, डबा गुंडाळणं. तरी हाताने रंगवलेल्या एका नगाला साधारण हजार ते दोन हजार येन पडतात. ते रंगाईचे आणि नक्षीचे पैसे आहेत, म्हणून पारख करायची ती या दोनच गोष्टींची.

आधी रंगाई. चांगली तेनुगुई ‘चूसेन’ पद्धतीची असते. चू म्हणजे ओतणं, सेन म्हणजे रंगवणं. लांबलचक सुती कापडावर साचा ठेवून लाकडी पट्टीने खळ फासतात. जिथे खळ बसते तिथे रंग चढत नाही. मग कापडाची घडी त्यावर पाडायची, पुन्हा साचा, पुन्हा खळ, अशा वीस-तीस घड्या एकावर एक रचतात. वेगवेगळ्या रंगांच्या जागांभोवती खळीचेच बांध घालतात, लांब चोचीच्या किटलीतून रंग ओततात आणि खालून यंत्राने तो शोषून घेतात. गठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही हेच करतात. रंग धाग्यातून आरपार जातो, म्हणून या कापडाला उलट-सुलट नसते.

दुकानात पारख सोपी आहे: कापड उलटून बघा. मागची बाजू फिकट, पांढुरकी दिसली तर ते छापील. छापील म्हणजे फसवणूक नव्हे. केसाइतक्या बारीक रेघा छपाईतच नीट उतरतात. चूसेनमध्ये रंगाची कड किंचित मऊ होते, एका रंगातून दुसऱ्यात अलगद विरतेही. पण छापील कापडाला चूसेनचा भाव देऊ नये.

आता नक्षी. माहितीच्या चिठ्ठीवर सरसकट ‘शुभ’ लिहिलेलं असतं, तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक नक्षीचं शुभ वेगळं आहे.

आसानोहा म्हणजे हेम्पचं, धाग्यासाठी लावतात त्या भांगेच्या झाडाचं, पान. षटकोनात सहा टोकांचा तारा. हे झाड सरळसोट आणि झपाट्याने वाढतं, म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी घालत आले: मूल तसंच वाढावं, वाईटापासून जपलं जावं. बारशाला द्यायला यासारखी दुसरी नाही. विकत घेताना ताऱ्याच्या मध्यावर नजर टाका. सगळ्या रेघा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. साचा हलला असेल तर तिथेच डाग फुगतो.

शिप्पो ही नक्षी आपल्याला परकी वाटू नये. शिप्पो म्हणजे बौद्ध ग्रंथांमधली सप्तरत्नं. सोनं, चांदी, वैडूर्य, स्फटिक अशी ती यादी, ग्रंथागणिक थोडी बदलणारी. समान वर्तुळं एकमेकांवर अशी चढवलेली की प्रत्येक वर्तुळात चार पाकळ्या आणि मधे चांदणीसारखी मोकळी जागा दिसते. वर्तुळांची साखळी कुठेच तुटत नाही, म्हणून जोडलेल्या नात्यांची खूण. सायागाता या नक्षीतही ओळखीची खूण सापडते: तिरप्या, एकमेकांत गुंतलेल्या रेघांमध्ये स्वस्तिक. जपानीत त्याला मांजी म्हणतात.

यागासुरी म्हणजे बाणाची पिसं. सुटलेला बाण परत येत नाही, म्हणून नवरीला सासरी जाताना ही नक्षी देत. हा अर्थ आज सगळ्यांना रुचेलच असं नाही. लग्नाच्या आहेरासाठी त्यापेक्षा शिप्पो बरी. लाटांची सेगाइहा कोणालाही चालते. शांत, न संपणाऱ्या समुद्रासारखं आयुष्य लाभो, एवढंच तिचं म्हणणं. त्रिकोणांची उरोको म्हणजे साप किंवा ड्रॅगनचे खवले. ती संकट दूर ठेवते असं मानतात, पण ‘नो’ आणि ‘काबुकी’ या जपानच्या पारंपरिक नाटकांत साप झालेल्या स्त्रीच्या पोशाखावरही तीच असते. भेट देताना हे ठाऊक असावं.

इचिमात्सु या बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीच्या नक्षीला ‘अखंड भरभराट’ हा अर्थ हल्ली आवर्जून चिकटवतात. नाव मात्र आलंय १८व्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटावरून. त्याने रंगमंचावर ही चौकट वापरली आणि एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, बायकांनी ती उचलून धरली. त्याआधी तिला फरसबंदी म्हणत. २०२०च्या तोक्यो ऑलिंपिकच्या बोधचिन्हात हीच नक्षी होती.

सगळ्यात गोड प्रकार म्हणजे चित्रकोडी. विळा, वर्तुळ आणि ‘नु’ हे अक्षर: कामा, वा, नु. एकत्र वाचलं की ‘कामावानु’, म्हणजे ‘काही हरकत नाही’. सातव्या इचिकावा दान्जुरो या नटाने काबुकीत ही नक्षी गाजवली. कुऱ्हाड (योकी), कोतो हे वाद्य आणि शेवंती (किकु) मिळून ‘चांगली बातमी ऐकू येते’ असं वाक्य होतं. ही नक्षी ओनोए किकुगोरो या काबुकी नटांच्या घराण्याची.

वापरताना सर्वाधिक तक्रार कडांची. टोकांना शिवण नसते, त्यामुळे पहिल्या धुण्यांत दशा निघतात. त्या ओढू नका, नाहीतर आडवे धागे सुटत जातात, कात्रीने कापा. अर्धा-एक सेंटिमीटर सुटल्यावर कड आपोआप थांबते. शिवण मुद्दाम नसते: दुमडलेल्या कडेत ओल आणि मळ साचतो, तसा इथे साचत नाही. शिवाय प्रसंगी जखमेला पट्टी म्हणून सरळ फाडता येते.

दुसरी तक्रार रंग जाण्याची. गडद निळी आणि लाल तेनुगुई सुरुवातीला रंग सोडतेच. पहिली काही धुणी गार पाण्यात, वेगळी, साबणाशिवाय करा. भिजत ठेवू नका, ओली घडी करून तर मुळीच ठेवू नका, कारण पांढऱ्या जागेवर डाग बसतो तो जात नाही. ब्लीच नको, ड्रायर नको, सावलीत वाळवा. इस्त्री थोडी दमट असतानाच.

आंघोळीनंतर दाट केस पुसायला टॉवेलच बरा; नवी तेनुगुई पाणी कमी ओढते, आठ-दहा धुण्यांनंतर मऊ पडून छान टिपते. पहिलीच घ्यायची असेल तर निळ्या-पांढऱ्यातली आसानोहा किंवा सेगाइहा घ्या, चूसेनचीच. पाच-सहा रंगांच्या देखाव्यांच्या तेनुगुई भिंतीवर लावायला सुरेख, पण त्या चौकटीत ताणून बसवताना गोंद वापरू नका, पिवळे डाग पडतात.