मासळी कारखान्यातील स्टेनलेस बेअरिंग: ग्रीसचे घ्यावे की सॉलिड-ल्युबचे?

रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्याची देखभाल मी बरीच वर्षे पाहिली. धुण्याच्या टाकीपासून ग्रेडिंगच्या पट्ट्यापर्यंत आमच्याकडे जे कन्व्हेअर होते, त्यांच्या बहुतेक शाफ्टवर 205 आणि 206 मापाची इन्सर्ट बेअरिंग्ज होती, म्हणजे ब्लॉकमध्ये (चौकटीला बोल्टने बसवायच्या घरात) बसणारी आणि ग्रब स्क्रूने शाफ्टवर आवळली जाणारी. हा आढावा त्या मापापुरता आणि त्या कामापुरताच आहे. पंप, गिअरबॉक्स आणि कॉम्प्रेसर यांची बेअरिंग्ज बंद घरात राहतात आणि त्यांची दुखणी वेगळी असतात.

साध्या ईएन 31 पोलादाचे बेअरिंग ओल्या विभागात का टिकत नाही, हे या कामातल्या माणसाला सांगायला नको. कोरड्या पॅकिंग विभागात मात्र मी शेवटपर्यंत तेच वापरले आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. सगळा कारखाना स्टेनलेस करून टाकण्याचा उत्साह पहिल्या वर्षी मलाही आला होता. सुदैवाने त्या वर्षी खरेदीला मंजुरी मिळाली नाही.

ओल्या विभागासाठी मागणीपत्र गेले की खरेदी विभागाचा प्रश्न ठरलेला असे: टाकी 316 ची आहे, चौकट 316 ची आहे, मग बेअरिंग 440सी चे का मागता? दोन्ही स्टेनलेस पोलादाच्याच जाती. प्रश्न रास्त आहे, कारण गंजाला तोंड देण्यात 316 केव्हाही सरस. परंतु 316 ला उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक करता येत नाही, आणि कडकपणा नसलेल्या रिंगमध्ये भार आला की छर्रे खळगे पाडतात. 440सी मध्ये सुमारे एक टक्का कार्बन असतो, त्यामुळे ते 58 रॉकवेलच्या आसपास कडक होते. त्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. 16 ते 18 टक्के क्रोमियमपैकी बराचसा भाग कार्बनशी बांधला जातो आणि गंजाविरुद्ध उभे राहायला मोकळे क्रोमियम कमी उरते. म्हणून 440सी चे बेअरिंग गंजते; ईएन 31 पेक्षा पुष्कळ उशिरा, पण गंजते. नायट्रोजनयुक्त पोलादाची बेअरिंग्ज या पेचातून चांगली वाट काढतात, परंतु त्यांचा भाव कन्व्हेअरच्या कामाला झेपणारा नाही.

एकदा आमच्या स्टोअरकीपरने 440सी चा आख्खा खोका बाजूला काढून ठेवला होता. “साहेब, माल डुप्लिकेट आला आहे, चुंबक चिकटतंय,” असे त्याचे म्हणणे होते. चुंबकाची परीक्षा 304 आणि 316 च्या पत्र्याला बरी. 440सी ला चुंबक चिकटतेच, किंबहुना चिकटले नाही तरच चौकशी करावी. खऱ्या 316 चे बेअरिंग, प्लॅस्टिकचा केज (छर्रे अंतरावर धरणारी जाळी) आणि काचेचे किंवा सिरॅमिकचे छर्रे असलेले, आम्ही फक्त मिठवणीच्या टाकीत बुडालेल्या मंद रोलरला लावले होते. तिथे भार जवळजवळ नसतो, आणि तिथे त्याला तोड नाही.

कॅटलॉगमध्ये स्टेनलेस बेअरिंगची भारक्षमता साध्या बेअरिंगपेक्षा साधारण 15 ते 20 टक्के कमी दिलेली आढळते. आयुष्य भारक्षमतेच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 20 टक्क्यांच्या घटीने हिशेबातले आयुष्य निम्म्यावर येते आणि नवा इंजिनिअर तो आकडा पाहून हबकतो. आमच्या पट्ट्यांवर भार इतका हलका होता की थकव्याने मेलेले बेअरिंग मी पाहिल्याचे आठवत नाही. सगळी पाण्याने मेली.

म्हणजे धातूचा प्रश्न 440सी वर मिटतो. खरी निवड पुढे आहे: बेअरिंगच्या पोटात काय भरायचे? ग्रीस आणि ते भरायचे निपल असलेले नेहमीचे घ्यायचे, की सॉलिड-ल्युबचे, ज्यात तेल मुरवलेले प्लॅस्टिक रिंगांमधली सगळी मोकळी जागा भरून टाकते आणि फिरताना त्यातून गरजेपुरते तेल छर्‍यांना मिळत राहते?

ग्रीसच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. ते कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, गरम जागी चालते, वेग सोसते, आणि कुरकुरायला लागलेले बेअरिंग दोन दाब ग्रीस देऊन रविवारच्या शटडाऊनपर्यंत ओढता येते. हा शेवटचा फायदा लहान नाही. सॉलिड-ल्युबचे बेअरिंग एकदा बिघडले की त्याला वरून काहीही देता येत नाही, ते बदलायचेच. कॅल्शियम सल्फोनेट जातीचे फूड-ग्रेड ग्रीस पाण्यापुढे खरोखर चांगले टिकते, हेही अनुभवाने सांगतो. फक्त आधीचे ग्रीस वेगळ्या जातीचे असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय नवे भरू नये, कारण न जुळणारी दोन ग्रीसे एकत्र आली की पातळ होऊन वाहू लागतात.

माझे मत फिरले ते ग्रीसगनमुळे. आमच्याकडे रात्रीची धुलाई अडीचच्या सुमारास संपे आणि त्यानंतर एक हेल्पर ग्रीसगन घेऊन ओळीने सगळ्या ब्लॉकना ग्रीस देत जाई. पुस्तकात पद्धत सोपी आहे: शाफ्ट सावकाश फिरता ठेवावा, थोडे थोडे ग्रीस द्यावे, सीलच्या कडेला ताजे ग्रीस दिसू लागले की थांबावे. पहाटे तीन वाजता, ओल्या फरशीवर, बंद शाफ्टवर, घरी जायच्या घाईत असलेला माणूस प्रत्येक निपलला तीन जोरकस दाब देतो आणि पुढे सरकतो. हातातली साधी ग्रीसगन शेकडो बार दाब देते, त्यापुढे सीलचा ओठ उलटतो, आणि उलटलेल्या ओठातून दुसऱ्या रात्री क्लोरीनचे पाणी सरळ आत जाते. कमी दिले तर पाणी आतच राहते, जास्त दिले तर सील जाते, आणि यातले नेमके काय झाले हे बाहेरून कळत नाही. मी वेळापत्रक केले, निपलना रंग दिले, दाबांची संख्या भिंतीवर लिहिली, स्वतः दोन आठवडे रात्रपाळी केली. मी होतो तेवढे दिवस सगळे सुरळीत चालले.

त्यातच एकदा परदेशी खरेदीदाराचा ऑडिटर ग्रेडिंगच्या निळ्या पट्ट्यापाशी थांबला. पट्ट्यावर हरभऱ्याएवढा पांढरट ग्रीसचा गोळा होता आणि शेजारून कोळंबी चालली होती. ग्रीस एच1 दर्जाचे आहे, हे मी त्याला दाखवले. पण एच1 चा अर्थ अन्नाला चुकून, तोही अत्यल्प प्रमाणात, स्पर्श झाला तर चालेल एवढाच असतो, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तो लॉट अडकला.

दुसरा अनुभव दरवर्षीचा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास आवक वाढेपर्यंत आमचे निम्मे पट्टे उभे राहत. कोकणातला पावसाळा, खारी हवा आणि पोटात थोडे पाणी घेऊन थांबलेले बेअरिंग: ऑगस्टमध्ये ब्लॉक उघडला की आतले ग्रीस घट्ट ताकासारखे झालेले असे. ते पुसले की आतल्या रिंगच्या मार्गावर अगदी सारख्या अंतरावर तपकिरी ठिपके दिसत, जिथे जिथे एकेक छर्रा दोन महिने टेकून बसला होता तिथे तिथे. असे बेअरिंग चालू होते, खरखरते, आणि बहुधा गणपतीच्या सुट्टीतच दगा देते.

सॉलिड-ल्युबची दोन बेअरिंग्ज मी पहिल्यांदा आणली ती संशयानेच. एकाच शाफ्टच्या एका टोकाला ते लावले, दुसऱ्या टोकाला ग्रीसचे. मोटारीकडच्या टोकाला ताण जास्त असतो, म्हणून पुढच्या हंगामात टोके बदलली, नाहीतर तुलना न्याय्य झाली नसती. दोन बंद्यांनंतर उघडले तेव्हा सॉलिड-ल्युबच्या रिंगांच्या बाहेरच्या कडा चहाच्या डागासारख्या तपकिरी झाल्या होत्या, पण छर्‍यांचा मार्ग चकचकीत होता. पाण्याला आत शिरायला जागाच उरलेली नव्हती. त्या मुदतीत दुसऱ्या टोकाची ग्रीसची तीन बेअरिंग्ज बदलून झाली होती. एका शाफ्टवरून सिद्धान्त मांडू नये हे खरे, आणि ग्रीस देणारी माणसे तुमच्याकडे आमच्यापेक्षा शिस्तीची असतील तर चित्र वेगळेही दिसेल. मला मात्र त्यानंतर टाकीजवळच्या आणि पट्ट्यांच्या जागी ग्रीसचे बेअरिंग मागवावेसे वाटले नाही.

त्याच्या मर्यादा खऱ्या आहेत. वेगाची मर्यादा ग्रीसच्या बेअरिंगपेक्षा बरीच कमी असते. मिनिटाला 40 ते 60 फेरे घेणाऱ्या पट्ट्याला त्याचे काही वाटत नाही. तापमान 85 अंशांच्या पुढे गेले की भरलेले प्लॅस्टिक मऊ पडते, त्यामुळे कोळंबीच्या वाफेच्या कुकरला ते लावू नये. आयक्यूएफ फ्रीझरच्या (एकेक नग सुटा गोठवणाऱ्या) आतल्या शाफ्टनाही मी कमी तापमानाचे कृत्रिम तेलावरचे ग्रीस असलेलीच बेअरिंग्ज ठेवली, कारण थंडीत सॉलिड-ल्युब सुरुवातीला जड फिरते. भाव आमच्या विक्रेत्याकडे दीडपटीच्या आसपास पडत असे.

ब्लॉकविषयी थोडक्यात. स्टेनलेसचा ओतीव ब्लॉक मजबूत असतो, पण त्याचे बूड पोकळ असेल तर आत मासळीचा गाळ साचून वास मारतो. भरीव बुडाचा मागावा. प्लॅस्टिकचा ब्लॉक हलका, स्वच्छ आणि स्वस्त, परंतु फिटरने सवयीने बोल्ट आवळला की कानापाशी तडकतो. वॉशर घालावे आणि टॉर्क रेंच हातात द्यावा.

देखभालीचे काही मुद्दे दोन्ही प्रकारांना लागू आहेत. बेअरिंग स्टेनलेस असले तरी निपल आणि ग्रब स्क्रू झिंक प्लेटिंगचे देणारे विक्रेते आहेत. पहिला तपकिरी ओघळ तिथूनच सुरू होतो आणि दोष बेअरिंगला लागतो. घेताना तेवढे पाहून घ्यावे. स्टेनलेसचा स्क्रू स्टेनलेसच्या आट्यात कोरडा आवळला तर तो तिथेच चिकटून बसतो, म्हणून फूड-ग्रेड अँटीसीझ पेस्टचा हात द्यावा. काढताना ग्रब स्क्रूने शाफ्टवर उठवलेला काठ आधी कानसीने घासून घ्यावा. तो तसाच ठेवून पुलर लावला तर बेअरिंग अर्ध्यावर अडकते आणि मग ग्राइंडरने कापण्यावाचून मार्ग राहत नाही. त्यात शाफ्टही जायबंदी होतो.

धुलाईचा क्रमही महत्त्वाचा आहे. चालून गरम झालेल्या बेअरिंगवर थंड पाणी पडले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते; म्हणून पट्टा थांबल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि प्रेशर जेट सीलवर रोखू नये. क्लोरीनचे पाणी शेवटी साध्या पाण्याने धुऊन काढावे, कारण क्लोराइड साचून राहिले तर 316 लाही बारीक छिद्रे पडतात. लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेसवर कधीही चालवू नये. त्याचे कण पृष्ठभागात रुतून गंजतात. बंदीच्या काळात आठवड्यातून एकदा प्रत्येक शाफ्ट हाताने फिरवावा, म्हणजे छर्रे एकाच जागी टेकून राहत नाहीत. सुरू करताना लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून ऐकावे. खरखर ओळखायला एवढे पुरे होते.

ज्यांना सगळे पट्टे एकदम बदलणे जड वाटत असेल, त्यांनी सर्वांत जास्त पाणी उडणारा एक शाफ्ट निवडून दोन टोकांना दोन प्रकार लावून पाहावेत. सॉलिड-ल्युबचा माल बहुतेक विक्रेते शेल्फवर ठेवत नाहीत, मागणीनंतर आणून देतात. तेव्हा एप्रिलमध्ये बसवायचे असेल तर ऑर्डर फेब्रुवारीतच द्यावी, म्हणजे जूनपूर्वी ते महिनाभर चालून रुळलेले असेल आणि ऑगस्टमध्ये दोन्ही ब्लॉक शेजारी शेजारी ठेवून उघडता येतील.